न सांगता फिरवलेला दात

१० जानेवारी

शिट्टी,

नोकरी लागली मला. अठ्ठावन्नाव्या वर्षी, तीन महिन्यांच्या बोलीवर. काम पसंत पडलं तर ठेवणार, नाहीतर घरी. आपली दातांची लॅब विकून तू मुलाकडे निघून गेलीस तेव्हा मी पुढे काय करणार हे विचारायला तुला वेळ झाला नाही, म्हणून आपण होऊन कळवते. फोन तू उचलत नाहीस. पत्र निदान दाराखालून आत तरी येईल.

आता खुर्चीत नीट बस. माझी मॅनेजर कोण आहे माहीत आहे? भिंगरी. चोवीस वर्षांची असताना आपल्याकडे कवळ्या करायला आली, एका जागी पाच मिनिटं बसायची नाही म्हणून तूच जिला ते नाव ठेवलंस, ती. जिला अकरा वर्षांपूर्वी तू दहा मिनिटांत कामावरून काढलंस, ती.

आता तिला सगळे मॅडम म्हणतात. पस्तिशीची झाली आहे, केस कापलेत, आणि एका जागी बसते. तिसऱ्या मजल्यावर चाळीस टेबलांची लॅब, प्रत्येक टेबलाला दिवा आणि धूळ ओढून घेणारी नळी. निम्मे दात यंत्रच कोरतं. हाताने कवळ्या करणारे आम्ही पाचच जण, खिडकीजवळच्या कोपऱ्यात. तिथे माझं टेबल.

"या, धाकट्या बाई," ती म्हणाली. तू मोठ्या बाई आणि मी धाकट्या बाई, अवघ्या सहा महिन्यांच्या फरकावर. मी सवयीने म्हणून गेले, "अगं, किती बारीक झालीस." टेबलांवरची सगळी डोकी वर झाली. मला वाटलं, पहिल्याच दिवशी गेली नोकरी. ती हसली. "बाहेर मॅडम म्हणा, केबिनमध्ये काय हवं ते म्हणा. आणि बारीक नाही झाले, तुमचा चष्मा बदला."

तुझी चौकशी तिने केली नाही. एकदाही नाही. माझ्या सासूबाईंची केली, माझ्या गुडघ्याची केली, आपल्या खिडकीत यायचं त्या मांजरीचीसुद्धा केली. तुला कळावं म्हणून लिहिलं.

एकच गोष्ट डोक्यात जाते. इथे प्रत्येक पेशंटच्या डब्यात एक पिवळी चिठ्ठी असते. दात लावणाऱ्याने काय लावलं आणि का लावलं ते तिच्यावर लिहायचं. दुसऱ्या कुणी त्या कामाला हात लावला, एखादा दात केसभर सरकवला, तरी काय बदललं, का बदललं, वेळ आणि सही. चिठ्ठी नसेल तर काम पुढे जात नाही. मी आयुष्यभर कुणाचंही मेणात लावलेलं काम हातात घेतलं आणि जे खुपलं ते सरळ केलं. आता मी सही करून सांगायचं की सुळा जरा आत घेतला? आपल्या कॉन्व्हेंट शाळेतल्या शिवणाच्या सिस्टर कुणाचाही वाकडा टाका दिसला की न बोलता उसवायच्या आणि स्वतः घालून द्यायच्या. चिठ्ठी लिहीत बसायच्या नाहीत. आणि आपण त्याला माया म्हणायचो.

पुरे. तुझी मजा चालू असेल.

खडू

३१ जानेवारी

शिट्टी,

उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती. सासूबाई मात्र रोज विचारतात, "तुझ्या मैत्रिणीचं काही आलं का?" मी नाही म्हटलं की कवळी काढून वाटीत ठेवतात आणि मग जे काही बोलतात ते मला कळत नाही. बहुधा मलाच बोलत असतात. शहाऐंशी वर्षांच्या झाल्या, पण भांडायची ही युक्ती अजून चालू आहे.

भाचा मोठ्या कंपनीत आहे ना, त्याला माझ्या नोकरीची फार काळजी. फोनवर मला धडे देतो. "मावशी, नवीन माणसाने पहिल्या महिन्यात बॉसला विचारायचं, तुम्हाला काम कसं हवंय. आपलंच घोडं दामटायचं नाही. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं मागून घ्यायची. आणि चूक झाली तर दुसऱ्याकडून कळायच्या आत आपण सांगायची. एवढं केलंस तर बॉस खिशात." मी म्हटलं, अरे, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी दात लावते. तो म्हणाला, "तेच तर. हे पहिल्या दिवशी बोलू नकोस."

तरी मी ऐकलं त्याचं. सोमवारी केबिनमध्ये गेले आणि विचारलं, तुला काम कसं हवंय. भिंगरीने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "हे मला आजवर कुणी विचारलं नाही." तेव्हापासून चार वाजता तिच्या केबिनमध्ये मला चहा असतो. कोणता डॉक्टर कसा, कुणाला पांढरेशुभ्र दात आवडतात, कुणाची मापं नेहमी अर्धवट येतात, ती सांगते. मी तिला जुन्या युक्त्या सांगते. मेण पातळ झालं की काय करायचं, म्हाताऱ्या माणसाला तरुण दात लावले की तोंड परकं का दिसतं. ती वहीत लिहून घेते. इतकं चांगलं माझं कुणाशीच जमलं नव्हतं, तुझ्याशीसुद्धा नाही.

परवा मात्र तिने सगळ्यांदेखत मला झापलं. शेजारच्या मुलाने लावलेला एक सुळा फार बाहेर आला होता. तो जेवायला गेला होता. मी मेण गरम करून सुळा आत घेतला, झालं. चिठ्ठी राहिली. राहिली कसली, लिहिली नाही. तो परत आला, त्याला काम वेगळं दिसलं, तो सरळ तिच्याकडे गेला.

"कुणी हलवला?"

"मी. वाकडा होता."

"वाकडाच हवा होता. पेशंटचा खरा सुळा तसाच होता, चिठ्ठीवर लिहिलंय. वाचली का?"

"मला न वाचता कळतं."

"इथे न वाचता कुणाला काही कळत नाही, बाई. मलाही नाही."

कान तापले माझे. चार वाजता चहाला गेले नाही. तीच बोलवायला आली. दार लावलं आणि म्हणाली, "हा नियम मी का केला ते तुम्हाला तरी सांगायला नको."

मग तीच ते सांगत बसली. डॉक्टरांच्या आईची कवळी. तुला आठवतेच. आपलं निम्मं काम देणारे ते डॉक्टर, त्यांच्या आईला आपलं तरुणपणीचं हसू परत हवं होतं, म्हणून त्यांनी कॉलेजातला फोटो पाठवला. समोरचा एक दात किंचित फिरलेला, शेजारच्यावर चढलेला. कवळी गेली, आजींनी तोंडात घालून आरशात बघितलं आणि म्हणाल्या, ही मी नाही. भलत्याच बाजूचा दात फिरवलेला होता.

भिंगरी म्हणाली, "फोटोच उलटा छापला होता. मी भिंगाखाली पाहिलं, मागे कोपऱ्यात दुकानाची अर्धी पाटी होती, तिच्यावरची अक्षरं उलटी. म्हणून मी फोटोच्या विरुद्ध बाजूचा दात फिरवला. बरोबर फिरवला. कुणीतरी तो फोटोप्रमाणे केला. लॅबमधून बाहेर जाणारी प्रत्येक कवळी मोठ्या बाई बघायच्या, दुसरं कोण करणार? आणि डॉक्टर येऊन ओरडले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं."

मी चहा पीत होते.

"तुम्ही दारापर्यंत आला होतात," ती म्हणाली. "माझा हात धरून म्हणालात, मला माहीत आहे, तू चुकली नाहीस. या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात, बाई. दोन वर्षं मला कुणी उभं केलं नाही. हिला डावं-उजवं कळत नाही म्हणायचे. त्या दोन वर्षांत माझ्याजवळ ते एक वाक्य होतं."

बघ, तुझ्याबद्दल तिला काय वाटतं ते. माझी बस चुकेल म्हणून मी उठले. थंडी फार आहे इकडे.

खडू

१८ फेब्रुवारी

चौदा महिने. चौदा महिन्यांत एक अक्षर नाही, माझ्या दोन पत्रांना उत्तर नाही, आणि आता एक कार्ड. पुढे कुठल्या तरी तळ्याचं चित्र, मागे तीन शब्द.

"तिला सांगितलंस का?"

खाली सहीसुद्धा नाही. तुझं अक्षर मी ओळखणार हे गृहीतच. शाळेपासून तू हेच करतेस, एक वाक्य टाकायचं आणि समोरच्याला जाळायचं. वर्गातल्या ख्रिश्चन मुली फादरांपुढे पापं कबूल करायला, कन्फेशनला, रांगेत उभ्या राहायच्या आणि आपण दोघी बाहेर बाकावर बसून त्यांचा हेवा करायचो, आठवतं? मग रेनकोट टांगायच्या खोलीत आपण तो खेळ खेळायचो. मी कोटांच्या मागे, तू पुढे. मी खोटी पापं तयार करून सांगायचे. दोन चॉकलेटं चोरली, भूगोलात बघून लिहिलं. तू ऐकून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "हे नाही. दुसरं सांग." तेव्हाही राग यायचा.

ठीक आहे. घे दुसरं.

त्या दिवशी मी सातला लॅबमध्ये आले होते. काम साडेदहाला जायचं होतं, भिंगरी दहाला येणार होती. तिचं मेण टेबलावर होतं, शेजारी फोटो. मी फोटो बघितला, मेण बघितलं. फिरवलेला दात फोटोच्या उलट बाजूचा होता. मला वाटलं, पोरगी घाईत चुकली. फोन करायचा, विचारायचं, हे मनातसुद्धा आलं नाही. पंधरा वर्षं मी दात लावत होते, मी कुणाला विचारणार? सुरी गरम केली, तो दात सरळ केला, दुसरा फिरवला. फार सुंदर फिरवला. ती उठायच्या आतच मी तिचा टाका उसवून नीट घालून दिला, असं माझं मला फार कौतुक वाटलं. मग साचा बंद करून उकळत्या पाण्यात टाकला. घासलं मी, चकाकी मीच दिली. ती आली तेव्हा डबा बांधून तयार होता. मी म्हटलं, जा, चहा पी, तुझं काम झालंय.

तिला सांगायचं राहून गेलं, असं मी स्वतःला अकरा वर्षं सांगितलं. राहून गेलं नव्हतं. मला वाटलं, चूक दाखवली तर बिचारीला वाईट वाटेल. त्यातसुद्धा मी चांगलीच.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले. कवळी टेबलावर आपटली. ज्याने हे केलं तो उद्या इथे दिसला तर माझं काम बंद, म्हणाले. भिंगरी म्हणाली, मी असा लावला नव्हता, फोटो उलटा होता. हे तिने म्हटलं, आणि त्या क्षणी मला सगळं कळलं. तिचं बरोबर होतं. माझं चूक. माझ्यापासून ती हातभर अंतरावर उभी होती. मी माझ्या नखातलं प्लास्टर काढत होते.

तू म्हणालीस, "चूक मुलीची आहे, आम्ही तिला काढतो."

तुला माहीत होतं, शिट्टी. कवळी बाहेर जाताना तू बघितली होतीस. माझा हात तू अंधारातही ओळखशील. सकाळी मी हाताचं मेण धूत होते तेव्हा तू आलीस आणि विचारलंस, आज इतक्या लवकर? तुला सगळं माहीत होतं. तू मला वाचवलंस, मला न विचारता, मला न सांगता. आणि दुपारी माझ्यापुढे चहा ठेवलास, साखर ढवळून, आजाऱ्यापुढे ठेवावा तसा. एक शब्द बोलली असतीस तर मी भांडले असते, रडले असते, डॉक्टरांकडे गेले असते. कदाचित. तू संधीच दिली नाहीस. या गोष्टीचा मला तुझा इतका राग आहे की लिहिताना पेन कागदातून आरपार जातंय.

आणि तू लॅब विकलीस तेव्हा, घेणारे लोक टेबलं मोजत असताना, मी त्यांच्यासमोर तुझ्यावर ओरडले, "तू त्या पोरीचं वाटोळं केलंस." तू म्हणालीस, "हो, मी केलं." माझ्याकडे बघत म्हणालीस. मी घरी जाऊन दोन दिवस अभिमानाने रडले, की मी अन्यायाविरुद्ध बोलले.

तिला सांगितलं नाही. सांगणारही नाही. सासूबाईंची औषधं, घर, सगळं या नोकरीवर आहे, आणि तू तिकडे तळ्याकाठी बसून प्रश्न विचारू नकोस.

९ मार्च

शिट्टी,

मागचं पत्र टाकलं आणि दुसऱ्या दिवशी पेटीतून परत काढता येईल का म्हणून पोस्टात गेले. काउंटरवरची बाई म्हणाली, "आजी, गेलं ते." मला आजी म्हणाली.

काम चांगलं चाललंय. चिठ्ठ्या लिहिते. मघाशी सहज मोजल्या, या महिन्यात माझ्या चिठ्ठ्या सगळ्यांत लांब आहेत. शेजारचा मुलगा म्हणतो, "बाई, दात लावताय की कादंबरी लिहिताय?" त्याच्याशी जमतं आता. त्याने मला एक दात हलवायला दिला, सही घेऊन.

पण तुला एक सांगायचंय आणि ते लिहिताना माझा हात कुणावर उगारावा ते मला कळत नाही.

शुक्रवारी चहाला भिंगरी खुशीत होती. तीन महिने संपले की मला कायम करायचं तिने ठरवलं आहे, आणि नव्या लोकांना शिकवायचं कामही माझ्याकडे द्यायचं आहे. महिन्याच्या सभेत सगळ्यांपुढे सांगणार. म्हणाली, "सगळं सांगणार आहे. मला काढलं तेव्हा एकच माणूस माझ्या बाजूने उभं होतं, ते हे, म्हणून."

मी म्हटलं, असलं काही सांगू नकोस.

"का? मोठ्या बाईंना कळेल म्हणून? कळू दे." मग खुर्ची पुढे ओढून ती म्हणाली, "तुम्हाला एक सांगते, रागवू नका. तुमच्या लॅबचे डॉक्टर एकेक करून गेले ना, ते मी आणले. ठरवून. इथे लागल्याच्या पहिल्या वर्षापासून. आधी लहान, मग मोठे, सगळ्यांत शेवटी ते आजींचे चिरंजीव. त्यांना मी स्वतः जाऊन तो फोटो दाखवला, पाटीवरची उलटी अक्षरं दाखवली. म्हटलं, बघा, कुणाकडे काम देता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुमच्याकडची मापं बंद केली."

मी कप खाली ठेवला. "ती माझीही लॅब होती."

"माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणून तर तुम्हाला इथे घेतलं. तुमच्या पोटावर पाय आला याचं मला वाईट वाटायचं. त्या बाईंचं नाही वाटलं. त्यांना एकदा रिकाम्या टेबलाशी बसलेलं बघायचं होतं मला."

तू बसली होतीस, शिट्टी. मी पाहिलंय. शेवटचे सहा महिने टेबल पुसून, दिवा लावून, समोर काही नसताना तू बसायचीस. मी तुला म्हणायचे, हातपाय हलव, डॉक्टरांना भेट, तुझ्यातला जोर गेलाय. लॅब विकलीस तेव्हा भेकड म्हणाले तुला.

त्या क्षणी मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. सात वर्षं बसून तिने आपली लॅब पोखरली आणि वर माझ्यासाठी चहा मागवते. भलत्या माणसाला शिक्षा दिली हिने. तोंड उघडून हे म्हणणार होते मी, की भलत्या माणसाला. मग पुढचा शब्द काय असणार ते कळलं आणि तोंड मिटलं.

ती म्हणाली, "रागावलात ना?"

मी म्हटलं, "हो."

"माझ्यावर?"

मी बस पकडायला उठले. पुन्हा. गेले दोन महिने मी फार बसा पकडते आहे.

सासूबाईंना सगळं सांगितलं, त्यांना निम्मं ऐकू येत नाही म्हणून. ऐकून झाल्यावर त्यांनी कवळी काढली नाही. उलट नीट दाबून बसवली आणि म्हणाल्या, "औषधं एक महिना नाही घेतली तर मरत नाही मी." त्यांना निम्मं ऐकू येतं हे मी विसरले होते.

खडू

११ एप्रिल

प्रिय शिट्टी,

काल सांगितलं.

सभा चारला होती. मी तीनला केबिनमध्ये गेले. ती मेणात दात लावत होती, एक अवघड काम ती अजून स्वतः करते. मी उभ्यानेच सांगितलं. सातला आले, तुझं मेण पाहिलं, दात मी फिरवला, घासला मी, डबा मी बांधला. मोठ्या बाईंनी हात लावला नाही. फोटो उलटा होता हे तू म्हणालीस तेव्हाच मला कळलं होतं, आणि मी गप्प बसले.

तिचे हात थांबले नाहीत. एक दात तिने बसवला, लांबून पाहिला, परत काढला. मग सुरी ठेवली.

"दारात म्हणालात ते?"

"खरं होतं ते," मी म्हटलं. "तू चुकली नव्हतीस."

"मी समजत होते तुमचा माझ्यावर विश्वास आहे." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "विश्वास नव्हता तो. तुम्हाला माहीत होतं. मला माहीत आहे म्हणालात, तेच सांगत होतात, आणि मी दोन वर्षं ते उशाला घेऊन झोपले."

मी माफ कर म्हणाले नाही. म्हणायला गेले तर तिने हात वर केला.

"नको. माफ करायचं की नाही ते ठरवायला मला आज वेळ नाही. सभा आहे." मग ती खिडकीकडे वळली. "त्या बाईंची लॅब बंद पाडली मी," ती म्हणाली. ती हे मला सांगत नव्हती. "सात वर्षं राबून."

"माझ्यामुळे."

"नाही, बाई. तेवढं माझं मला राहू दे. तुम्ही दुसऱ्याच्या कामाला फार हात लावता."

मी माझ्या टेबलावर परत आले.

चार वाजता सभा झाली. तिने महिन्याचं काम सांगितलं, परत आलेल्या कवळ्या सांगितल्या, नव्या यंत्राचं सांगितलं. शेवटी म्हणाली, कवळीच्या टेबलावर धाकट्या बाई कायम झाल्या. बाकी काही नाही. शिकवण्याचं नाही, दारातल्या त्या वाक्याचं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या मुलाने सगळ्यांत जास्त वाजवल्या, त्याला काय माहीत.

बाहेर पडताना मी तिला विचारलं, मला का ठेवलंस. ती म्हणाली, "काम चांगलं आहे तुमचं. मी कामावरून ठरवते. माझ्या बाबतीत कुणी ठरवलं नव्हतं." आणि म्हणाली, "उद्यापासून मला केबिनमध्येही मॅडम म्हणा."

आज म्हटलं. जड गेलं, पण निदान ती कोणाला चहा देते हे आता तिला माहीत आहे. चहा मात्र आला नाही. चार वाजले, मी घड्याळाकडे बघितलं आणि पुढचा डबा ओढला. पाचला ती टेबलाशी आली. मी लावलेले दात हातात घेऊन उजेडात धरले, सगळीकडून पाहिले. "हा दोन नंबरचा सरळ का?" मी म्हटलं, पेशंटने तसा मागितलाय, लिहिलंय, मॅडम. तिने वाचलं, डबा ठेवला. "ठीक." आजवर तिने माझ्या कामाची कितीतरी स्तुती केली, वहीत उतरवून घेतलं. हा 'ठीक' मला त्या सगळ्यापेक्षा खरा वाटला. भाच्याला सांगितलं तर म्हणेल, मावशी, घालवलास ना बॉस खिशातून. घालवला. आता निदान समोर उभा आहे.

जाता जाता तिने तुझा पत्ता मागितला. कशाला, ते मी विचारलं नाही. मी कागदावर लिहून दिला. तिने घडी करून पर्समध्ये ठेवला, मग परत काढून तुझ्या घराचा नंबर मला वाचून दाखवला, बरोबर आहे ना म्हणून. पत्र येईल किंवा ती स्वतः येईल. मला वाटतं, येईल. आली तर दार उघड. तिला काय बोलायचंय ते बोलू दे, आणि सवयीप्रमाणे 'हो, मी केलं' म्हणून मोकळी होऊ नकोस. तू केलंस तेवढंच तुझं म्हण. एका मुलीला खोटं पाडून काढलंस, ते तुझं आहे. ते मी घेणार नाही.

माझा तुझ्यावरचा राग संपला असं समजू नकोस. बसून एकेक तपासला. तू पोरीचं वाटोळं केलंस, हा गेला, तो माझ्यावरचाच होता. तू भेकड आहेस, हाही गेला. मला वाचवलंस, हा अजून आहे, पण तो तुझ्यासमोर बसल्याशिवाय मला नीट रागावता येत नाही. आणि लॅब विकताना मला आधी सांगितलं नाहीस, गिऱ्हाइकं टेबलं मोजायला आली तेव्हा कळलं, हा आहे तसाच आहे, खणखणीत. त्याला कुणाचंही लफडं चिकटलेलं नाही. शाळेपासूनच्या मैत्रिणीने एवढं सांगायला हवं होतं.

या एकाबद्दल मला तुझ्याशी कडकडून भांडायचंय. कार्ड पाठवू नकोस. फोन उचल.

तुझी
खडू